ठाणे स्टेशन: एकच शब्द, दोनदा

‘ठाणे स्टेशन’ हे दोन शब्द एकदा सावकाश म्हणून बघा. रिक्षावाल्याला सांगताना, फोनवर भेटायची जागा ठरवताना आपण ते इतक्यांदा म्हणतो की त्यांच्याकडे बघायचं राहूनच जातं. पहिला शब्द इथल्या मातीतला, शिलाहार राजांच्या ताम्रपटात सापडणारा. दुसरा आगगाडीबरोबर आलेला, इंग्रजी. गाडी या गावात थांबू लागली म्हणून दोघं शेजारी आले, यापलीकडे त्यांचं काय नातं असणार?

सख्खं नातं आहे. दोन्ही शब्द एकाच धातूतून निघालेत. एकानं संस्कृत आणि प्राकृतची वाट धरली, दुसऱ्यानं लॅटिन आणि फ्रेंचची. लहानपणी ताटातूट झालेल्या बहिणींसारखे ते हजारो वर्षं जगाच्या दोन टोकांना वाढले. मग 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला जोडलेली होती, एकवीस तोफांची सलामी झाली आणि 34 किलोमीटरवर ती जिथे जाऊन थांबली, त्या गावाचं नावच मुळी ‘स्टेशन’ असं होतं. एवढ्या मोठ्या देशात इतकी गावं असताना पहिल्या गाडीचं शेवटचं स्टेशन नेमकं हेच! कुणी मुद्दाम जुळवलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

आता हे नातं उलगडून बघू.

आधी लॅटिनकडून. लॅटिनमध्ये ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. त्यावरून ‘स्तातिओ’: उभं राहणं आणि उभं राहण्याची जागा. जहाज नांगर टाकून जिथे उभं राही ती जागा स्तातिओ. पहाऱ्याचे सैनिक जिथे उभे राहत ती चौकीही स्तातिओ. रस्त्यावर माल अडवून जकात घेणारा नाका, तोही स्तातिओच. रोमन साम्राज्यात दुसऱ्या-तिसऱ्या शतकात अशा चौक्यांवर नेमलेले शिपाई होते. चोर-दरोडेखोरांवर लक्ष ठेवायचं, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, हे त्यांचं काम. त्यांना म्हणत ‘स्तातिओनारिउस’. मराठीत याचं भाषांतर करायला बसलात तर काय लिहाल? ‘ठाणेदार’. दुसरा शब्द सुचतच नाही.

कारण मराठीतही हेच झालं होतं. ठाणं म्हणजे लष्करी चौकी. मुलूख जिंकला की ठाणी बसवायची. पुढे ठाणं म्हणजे पोलिसांची चौकी. जनावर एका जागी बांधतात ते ठाण, म्हणून गोठ्यातच चारा देऊन पाळलेल्या शेळ्या ‘ठाणबंद’. इकडे लॅटिनमध्ये ‘स्तारे’पासूनच ‘स्ताबुलुम’ झाला, म्हणजे जनावरं उभी करण्याची जागा, तबेला. रोम आणि कोकण यांनी एकमेकांना न विचारता एकाच बीजातून पहाऱ्याची चौकीही काढली आणि गोठाही काढला.

त्या बीजाला संस्कृतमध्ये आपण सगळे ओळखतो: ‘स्था’. स्थान, स्थिती, स्थिर, अवस्था, संस्था, व्यवस्था, स्थापना, हे सगळं त्याचंच गोत. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव येतं ‘श्रीस्थानक’. उत्तर कोकणच्या शिलाहारांची ही राजधानी. मग ‘स्थानक’चं ‘ठाणे’ झालं कसं?

इथे मला फार गंमत वाटते, कारण बदल मनमानी वाटला तरी प्रत्येक पायरीला नियम आहे. प्राकृत बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर नको होतं, म्हणून ‘स्’ गळाला. दोन स्वरांमधला ‘न’ ‘ण’ झाला. शेवटचा ‘क’ झिजून गेला आणि त्याच्या जागी मराठीत ‘एं’ आला. केळें, तळें अशी जी नपुंसकलिंगी नावं आपले आजोबा डोक्यावर टिंब देऊन लिहीत, त्यांतला तो ‘एं’ म्हणजे झिजलेला ‘-अकम्’ आहे. म्हणजे ‘ठाणें’मध्ये ‘क’सुद्धा लपलेला आहे! ‘ठाणे’ म्हणजे अक्षर न अक्षर ‘स्थानक’. तेव्हा इंग्रजी टाळून ‘ठाणे स्थानक’ असं लिहिलं, तरी आपण तोच शब्द दोनदा लिहितो. फक्त एकदा झिजलेला आणि एकदा कोरा करकरीत.

आणि ‘थ’चा ‘ठ’? त्याचं उत्तर संस्कृतमध्येच दडलंय. ‘स्थान’ म्हणताना ‘थ’ असतो, पण ‘प्रतिष्ठान’ म्हणताना? ‘अनुष्ठान’, ‘निष्ठा’, ‘प्रतिष्ठा’ म्हणताना? इ आणि उ या स्वरांनंतर ‘स’चा ‘ष’ होतो, आणि ‘ष’ शेजारच्या ‘थ’लाही आपल्याबरोबर टाळूकडे ओढतो, ‘थ’चा ‘ठ’ होतो. प्राकृतात हा ‘ठ’ इतका पसरला की जिथे मागे इ-उ नव्हते तिथेही तोच रूढ झाला. सातवाहनांच्या राजधानीचं नाव आठवा. प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण. ‘पैठण’मधला ‘ठण’ आणि ‘ठाणे’ एकच! ‘उठणे’ हे क्रियापदही ‘उद्’ आणि ‘स्था’ यांतूनच आलंय. सकाळी उठल्यापासून हा धातू आपल्या तोंडी सुरू होतो.

बरं, संस्कृत आणि लॅटिनचं हे नातं कुणाच्या लक्षात आलं? विल्यम जोन्स हा कलकत्त्यातला इंग्रज न्यायाधीश. त्यानं 2 फेब्रुवारी 1786 रोजी एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतकं साम्य आहे की त्या कुठल्यातरी एकाच, कदाचित लुप्त झालेल्या मुळातून निघाल्या असाव्यात, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या आधीही काहींना साम्य जाणवलं होतं, पण जगानं ऐकलं ते जोन्सचं. तुलनात्मक भाषाशास्त्राची सुरुवात सहसा या भाषणापासून धरतात.

हे भाषण छापलं गेलं सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या 1788 सालच्या पहिल्या खंडात. आता जरा दम धरा. त्याच पहिल्या खंडात, काही पानं आधी, एका दानपत्राचं भाषांतर आहे. ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना निघालेल्या ताम्रपटांचं! जो किल्ला आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, तोच तो. शिलाहार राजा अरिकेसरी याचं हे दान, शके 939 म्हणजे इसवी सन 1017 मधलं. संस्कृत वाचून अर्थ सांगणारे पंडित होते रामलोचन, आणि मजकूर सोसायटीकडे पाठवला जनरल कारनॅक यांनी. त्यात राजा ज्या नगरातल्या लोकांना उद्देशून बोलतो, ते नगर म्हणजे श्रीस्थानक.

म्हणजे ‘ठाणे’चं जुनं नाव आणि ते ज्या सिद्धांतानं ‘स्टेशन’ला जोडलं जातं तो सिद्धांत, ही दोन्ही एकाच पुस्तकाच्या पुठ्ठ्यांत बांधली गेली होती. तेही रेल्वे येण्याच्या 65 वर्षं आधी. हे कळल्यापासून ते पुस्तक माझ्या मनातून हलत नाही.

पण खरा चमत्कार याच्याही खाली आहे. तो ‘ठ’ या एका अक्षरात आहे.

‘स्तारे’ आणि ‘स्था’ पुन्हा शेजारी ठेवा. लॅटिनमध्ये ‘त’, संस्कृतमध्ये ‘थ’. तळहात तोंडासमोर धरून ‘त’ म्हणा, मग ‘थ’ म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला वारा लागतो. धातू एकच असेल, तर हा वारा आला कुठून?

याचा माग लागायला सुरुवात झाली ती एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यापासून. फेर्दिनां द सोस्यूर त्याचं नाव. 1879 हे साल छापलेल्या आपल्या पुस्तकात त्यानं मांडलं की संस्कृत-लॅटिनच्या त्या मूळ भाषेत असे काही आवाज असले पाहिजेत, जे तेव्हा माहीत असलेल्या एकाही भाषेत उरलेले नव्हते. पुरावा? कागदावरचं गणित. या आवाजांशिवाय स्वरांचा हिशेब जुळत नव्हता, एवढंच. अनेकांनी मान हलवून दुर्लक्ष केलं. पुढे 1891 मध्ये त्यानं आणखी एक विचार मांडला: संस्कृतमधला ‘स्था’सारख्या शब्दांतला ‘थ’ हा ‘त’ आणि असा एखादा हरवलेला आवाज एकत्र येऊन झाला असावा.

1906 पासून तुर्कस्तानात बोआझकॉय इथे उत्खनन सुरू झालं आणि लेख कोरलेल्या मातीच्या हजारो विटा निघाल्या. त्यांच्यावरची भाषा उलगडली तेव्हा ती आपल्याच कुळातली निघाली, हिट्टाइट. 1927 मध्ये पोलिश अभ्यासक येर्झी कुरिलोविच यांनी दाखवून दिलं की सोस्यूरनं जिथे हरवलेला आवाज धरला होता, तिथे हिट्टाइटमध्ये खरोखरच एक खरखरीत ‘ह’ लिहिलेला आहे! लॅटिनमध्ये ‘आन्ते’ म्हणजे पुढे, आधी, घड्याळातल्या ‘ए.एम.’मधला ‘ए’ तो हाच. संस्कृतमध्ये ‘अंति’ म्हणजे जवळ, समोर. आणि हिट्टाइटमध्ये ‘हन्ति’. सोस्यूर 1913 मध्येच वारला होता. आपला हिशेब बरोबर होता हे त्याला कळलंच नाही.

‘स्था’मध्येही तसाच एक घशातला आवाज होता. लॅटिनमध्ये तो शेजारच्या ‘आ’ला लांब करून विरून गेला, ‘त’ कोरडाच राहिला. संस्कृतमध्ये मात्र जाता जाता तो ‘त’मध्ये फुंकर मारून गेला आणि ‘थ’ झाला. ती मूळ भाषा पाच-सहा हजार वर्षांपूर्वी, बहुतेक अभ्यासकांच्या मते काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात, बोलली जात होती. ‘ठाणे’ म्हणताना हाताला जो वारा लागतो, तो त्या आवाजाचा उरलेला श्वास आहे. ‘स्’ गेला, ‘न’चा ‘ण’ झाला, ‘क’ झिजला, पण हा श्वास अजून सुटलेला नाही. सकाळच्या गर्दीत दारात लटकलेला माणूस ‘ठाणे उतरणार का?’ असं विचारतो, तेव्हा तो लॅटिननं गमावलेल्या आवाजाचा हा श्वास बिनचूक राखत असतो.

युरोपीयांच्या लिखाणात मात्र हा श्वास बराच काळ उतरला नाही. मार्को पोलोच्या पुस्तकात आपलं गाव ‘ताना’ आहे. 1321 मध्ये इथे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार संन्यासी मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळात पोर्देनोनेचा ओडोरिक हा त्याच पंथातला एक संन्यासी ठाण्यात आला. त्यानं त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि समुद्रमार्गे थेट चीनपर्यंत नेल्या. परत गेल्यावर 1330 मध्ये पादुआ शहरात त्यानं आपली हकिकत सांगितली आणि ती लॅटिनमध्ये लिहून घेतली गेली. ‘स्तारे’च्या भाषेत ‘स्थानका’ची कहाणी! आणि सांगणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला या नात्याची कल्पनाही नव्हती. पुढे इंग्रज आले, त्यांनीही ‘टन्ना’च लिहिलं. 1853 च्या त्या पहिल्या गाडीच्या बातम्यांतही ती बोरीबंदरहून ‘टन्ना’लाच जाते.

स्टेशन हा शब्द आगगाडीच्या आधीही एका वेगळ्या रूपात ठाण्याच्या शेजारी होता. चर्चमध्ये उपासकाळात येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांपुढे थांबून प्रार्थना करतात, त्या थांब्यांना लॅटिनमध्ये ‘स्तातिओ’ म्हणतात. वसई-ठाण्याच्या पट्ट्यात पोर्तुगीजांचा अंमल 1737-39 च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत होता, तेव्हा लॅटिन प्रार्थना या भागाला नव्या नाहीत. मराठीत प्रार्थना म्हणणारे ख्रिस्ती या थांब्यांना काय म्हणतात? ‘स्थान’. पहिलं स्थान, दुसरं स्थान. भाषांतर करणाऱ्यानं अर्थ बघून शब्द निवडला आणि नेमकी बहीण हाताला लागली.

आता ठाणे स्टेशनच्या बाहेर पडा. समोर रिक्षा स्टँड. ‘स्टँड’ हा लॅटिनचा नाही, तो इंग्रजीच्या स्वतःच्या जर्मानिक घरातला. पण धातू तोच! म्हणजे ‘ठाणे स्टेशनचा रिक्षा स्टँड’ या चार शब्दांत एकच धातू संस्कृतच्या, लॅटिनच्या आणि जर्मानिकच्या दारातून आलाय. खोपटला एसटी स्टँडवर जा. एसटी म्हणजे ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’, आणि ‘स्टेट’ म्हणजे लॅटिनमधला ‘स्तातुस’. व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवतो तो ‘स्टेटस’ही तोच, आणि वडिलोपार्जित ‘इस्टेट’ही तीच. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हारला सरकारी इंग्रजी कागदांत ‘जव्हार स्टेट’ म्हणत आणि मराठीत ‘जव्हार संस्थान’. स्टेट आणि संस्थान, दोन्हींच्या पोटात पुन्हा ‘स्था’.

दुकानात ‘कॉस्ट’ विचारली? लॅटिन ‘कोन्स्तारे’: अमुक किमतीला उभं असणं. मराठीत वस्तू अमुक रुपयांना ‘पडते’, लॅटिनमध्ये ती तेवढ्यालाच ‘उभी राहते’. हे मला फार आवडतं.

आणि पोलीस ठाणं तर या घराण्याचा वाडाच आहे. ‘अरेस्ट’मध्ये ‘स्तारे’ आहे: जागच्या जागी उभं करणं. ‘कॉन्स्टेबल’मध्येही आहे, आणि त्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी. लॅटिनमध्ये ‘कोमेस स्ताबुली’ म्हणजे तबेल्याचा सरदार. आपल्याकडे त्याला पागेचा अधिकारी म्हटलं असतं. राजाचे घोडे ज्याच्या हाती, त्याच्या हाती घोडदळ. म्हणून फ्रान्समध्ये हा मान वाढत वाढत थेट सेनापतीपर्यंत पोचला. इंग्लंडमध्ये तोच शब्द उतरत उतरत गावच्या शिपायापर्यंत आला, आणि तिथून ठाण्याच्या चौकीत. घोडे गेले, सरदारकी गेली, पण नावाच्या मधोमध तबेला अजून आहे.

प्लॅटफॉर्मवर गाडीसाठी ‘तिष्ठत’ राहिलेल्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. ‘तिष्ठति’ या रूपात धातूची सुरुवात दोनदा म्हटली जाते: ति-ष्ठ. लॅटिननंही अगदी तीच युक्ती केली: ‘सिस्तित’. त्या ‘सिस्तित’मधूनच ‘असिस्टंट’ आला, म्हणजे शेजारी उभा राहणारा. तिष्ठणारा आणि असिस्टंट एकाच साच्यातून निघालेत. आणि हॉस्पिटलात नर्स ‘स्टॅट’ म्हणून इंजेक्शन मागते, तेव्हा ते असतं लॅटिनचं ‘स्तातिम’: उभ्या उभ्या, ताबडतोब. या ‘स्तातिम’च्या आत जो जुना शब्द आहे, तो आणि आपला ‘स्थिति’ हे एकच आहेत. आपण ‘उभ्या उभ्या येऊन जा’ म्हणतो, त्यातही उभं राहण्यातून घाईच निघते.

शेवटी स्टेशनाजवळच्या कुठल्याही वह्या-पेनांच्या दुकानासमोर थांबा. पाटीवर ‘स्टेशनरी’ लिहिलेलं असतं. दुकान स्टेशनाजवळ असतं म्हणून? नाही. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते माल घेऊन गावोगाव फिरत. विद्यापीठांच्या गावी मात्र पुस्तकविक्रेत्याला एका जागी ठाण मांडून बसण्याची परवानगी होती. म्हणून तो ‘स्तातिओनारिउस’, रोमन ठाणेदाराचंच नाव पुस्तकवाल्याला मिळालं. बोलोन्या आणि पॅरिसमध्ये हे लोक पुस्तक विकण्यापेक्षा भाड्यानं जास्त देत, तेही अख्खं नव्हे. ग्रंथाच्या सुट्या घड्या करून ठेवलेल्या असत. विद्यार्थी एक घडी न्यायचा, तिची नक्कल करायचा, परत आणून द्यायचा आणि पुढची न्यायचा. तोवर त्यानं परत केलेली घडी दुसरा कुणी घेऊन गेलेला असायचा, आणि अशा तऱ्हेनं एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती एकाच वेळी गावभर लिहिल्या जात असत.